वाहतुकीचा सांधा कोणाच्या हाती?

(धुळे येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



शेतमालाच्या भावाची चर्चा चळवळीत भरपूर झालेली आहे. हमीभाव, अडत, तोलाई, साठेबाजी, निर्यातबंदी हे शब्द आता खेड्यातील कार्यकर्त्यालाही समजावून सांगावे लागत नाहीत. परंतु बाजारातील भाव आणि शेतकऱ्याच्या हातात प्रत्यक्ष पडणारी रक्कम यांच्या मध्ये भाड्याचा जो आकडा उभा असतो, त्याच्याकडे चळवळीचे लक्ष क्वचितच जाते. माल रेल्वेने पाठवावा की ट्रकने, हा व्यापाऱ्याच्या सोयीचा प्रश्न आहे अशी एक समजूत सर्वत्र रूढ आहे. ही समजूत तपासून पाहणे अगत्याचे आहे, आणि त्यासाठी धुळ्याइतके योग्य ठिकाण महाराष्ट्रात शोधूनही सापडणार नाही. तीन मोठे राष्ट्रीय महामार्ग या शहरापाशी एकत्र येतात. रेल्वेचा मार्ग मात्र येथे येऊन संपतो.

भाडे कोण भरतो?

प्रथम एक मूलभूत गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. बिल्टीवर नाव व्यापाऱ्याचे असते आणि भाड्याची रक्कमही तोच चुकती करतो. परंतु रक्कम चुकती करणे वेगळे आणि भार सोसणे वेगळे. अर्थशास्त्राचा नियम असा की, व्यवहारात ज्याला थांबता येत नाही त्याच्यावर शेवटी भार येऊन पडतो. रावेर-सावद्याची केळी दिल्लीच्या बाजारात जातात. तेथील भाव खानदेशातील भाड्यावर ठरत नाही. गुजरात, आंध्र आणि अन्य प्रांतांतून येणाऱ्या केळ्यांच्या स्पर्धेत तो ठरतो. म्हणून भाडे वाढले म्हणजे दिल्लीचा ग्राहक अधिक पैसे देत नाही, तर व्यापारी बागेत भाव पाडून मागतो. कापणीला आलेला घड आठवडाभर झाडावर राखून ठेवणे बागाईतदाराला शक्य नसते. तो मिळेल तो भाव घेतो.

उलट दिशेने पाहिले तर खत, सिमेंट, लोखंड, डिझेल हा माल बाहेरून खानदेशात येतो. येथे कारखानदाराला घाई नसते. घाई असते ती पेरणी तोंडावर आलेल्या शेतकऱ्याला. त्यामुळे येणाऱ्या मालाचे भाडे किमतीत मिसळून ग्राहकाकडून वसूल होते. अशा रीतीने आडबाजूच्या प्रदेशातील माणूस माल विकताना उत्पादक म्हणून भाडे सोसतो आणि घेताना ग्राहक म्हणूनही तेच सोसतो. वाहतुकीच्या साधनाची निवड ही व्यापाऱ्याची खाजगी बाब राहत नाही, ती याच कारणाने.

खानदेशाला मिळालेला वारसा

लोहमार्ग येण्यापूर्वी खानदेशचा कापूस बैलांच्या पाठीवर आणि गाड्यांतून आग्रा रस्त्याने, लळिंगच्या घाटातून, मालेगाव-चांदवड-नाशिकवरून थळघाटाकडे जात असे. ठराविक रकमेत माल पोचवण्याची आणि वाटेतील जकातीची जबाबदारी हुंडेकरी घेत असत. १८६० च्या दशकात जी. आय. पी. रेल्वे चाळीसगाव आणि जळगाववरून भुसावळला आली. १८६७ मध्ये भुसावळहून नागपूर जोडले गेले आणि १८७० मध्ये जबलपूरमार्गे मुंबई-कलकत्ता दळणवळण सुरू झाले. त्याच दशकात, १८६१ ते १८६५ या काळात, अमेरिकेतील यादवी युद्धामुळे हिंदी कापसाला अपूर्व तेजी आली होती. जळगाव ही कापसाची मोठी पेठ म्हणून वाढली ती या मार्गामुळे. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असलेले धुळे मात्र मुख्य मार्गापासून दूर राहिले.

भाड्याचा परिणाम किती खोलवर जातो हे कापसाच्या उदाहरणावरून कळते. सरकीसह कापूस मुंबईला न्यायचा तर सुमारे दोन-तृतीयांश वजन सरकीचेच भरते. सरकी काढली तरी मोकळी रुई वाघिणीत जागा फार व्यापते. म्हणून जिनिंग आणि प्रेसिंगचे कारखाने बंदरात न निघता कापूस पिकतो त्या गावांत निघाले. रुईची गाठ घट्ट बांधली जाते ती प्रामुख्याने भाडे वाचवण्यासाठी. कोणता उद्योग कोठे उभा राहील याचा निर्णय अनेकदा असा वाहतुकीच्या हिशेबाने होतो.

चाळीसगाव-धुळे हा ५६ किलोमीटरचा फाटा १९०० साली सुरू झाला. त्याच सुमारास तापी खोऱ्यातील रेल्वे सुरतेहून नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, नरडाणा, अमळनेर या वाटेने जळगावला आली. दोन्ही मार्ग तत्कालीन खानदेश जिल्ह्यातच होते. परंतु ते वेगवेगळ्या कंपन्यांचे होते, आणि धुळे व नरडाणा यांच्यामधील जेमतेम ५० किलोमीटरचे अंतर त्यांनी मोकळे ठेवले. कंपनीच्या दृष्टीने यात चूक काहीच नव्हती. कच्चा माल बंदराकडे जावा आणि बंदरातून विलायती माल आत यावा एवढाच तिचा उद्देश होता. प्रदेशांतर्गत व्यापाराला काय हवे, हा प्रश्न तिच्यापुढे नव्हता.

त्याचा परिणाम सव्वाशे वर्षे लोटली तरी टिकून आहे. धुळ्याहून सुरत सडकेने सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. रेल्वेने चाळीसगाव-जळगावचा वळसा घेऊन हे अंतर जवळपास दुप्पट होते. इंदूरला जाणारा माल आग्रा रस्त्याने सरळ शिरपूर-सेंधव्यावरून जातो. रेल्वेने न्यायचा तर भुसावळ-खांडव्याचा फेरा घ्यावा लागतो, आणि खांडव्यापासून पुढचा मार्ग दीर्घकाळ मीटरगेज असल्याने तेथे माल एका वाघिणीतून दुसऱ्या वाघिणीत भरावा लागे. अशा स्थितीत धुळ्याच्या व्यापाऱ्याने ट्रक ‘निवडला’ असे म्हणणे हा शब्दांचा गैरवापर होय. जेथे पर्याय एकच असतो तेथे निवड संभवत नाही.

हिशेब कसा करावा?

आता समजा, दोन्ही साधने हाताशी आहेत. मग निवड कशी करावी? सामान्यतः दर क्विंटलला रेल्वेचे भाडे किती आणि ट्रकचे किती एवढीच तुलना होते. ही तुलना अपुरी आहे. मालधनी ते मालधनी असा पूर्ण खर्च काढायचा तर किमान पाच रकमांची बेरीज करावी लागते. पहिली प्रत्यक्ष भाड्याची. दुसरी चढउताराची, रेल्वेने माल जाताना तो गोदामातून ट्रकमध्ये, ट्रकमधून वाघिणीत, आणि पलीकडच्या ठिकाणी पुन्हा त्याच क्रमाने उलट असा चार-सहा वेळा हाताळला जातो. तिसरी नासधुशीची आणि गळतीची. चौथी वाटेतील दिवसांची, कारण माल वाटेत असेतो त्यात गुंतलेल्या भांडवलावर व्याज चढत राहते. पाचवी अनिश्चिततेची. माल कोणत्या दिवशी पोचेल याची खात्री नसेल तर व्यापाऱ्याला पलीकडे अधिक साठा ठेवावा लागतो, आणि त्या साठ्यालाही पैसा लागतो.

ही बेरीज प्रत्येक मालासाठी निराळी येते. भुसावळजवळच्या दीपनगर वीजकेंद्राला लागणारा कोळसा जड, स्वस्त आणि टिकाऊ. त्याला रेल्वेवाचून दुसरा विचार संभवत नाही. पेट्रोल-डिझेलसारख्या द्रवाला त्याहूनही स्वस्त वाट नळाची. मुंबईहून मनमाडपर्यंत अशी नळवाहिनी आहे आणि मनमाडजवळच्या पानेवाडीच्या साठ्यातून पुढचे वाटप टँकरने होते. जळगावच्या गिरण्यांची डाळ पोत्यांत भरलेली, वजनदार आणि टिकाऊ असते. लांबच्या बाजारासाठी तिला रेल्वे परवडावी, परंतु गिऱ्हाईक दहा-वीस टनांचे असल्याने ती ट्रकने जाते. जळगावात तयार होणारे प्लॅस्टिकचे नळ हलके असून जागा फार खातात. त्यांचे भाडे म्हणजे बव्हंशी हवेचे भाडे. म्हणूनच लहान व्यासाचा नळ मोठ्या व्यासाच्या नळात घालून पाठवण्याची पद्धत पडली. दोंडाईचा-नंदुरबारची वाळलेली मिरची हलकी आणि किमती. तिला ओल लागता कामा नये.

यावरून दिसेल की, रेल्वे श्रेष्ठ की ट्रक श्रेष्ठ हा वाद निरर्थक आहे. लोखंडी रुळावर लोखंडी चाक फिरते तेव्हा घर्षण कमी होते; सबब तेवढाच माल तेवढ्याच अंतरावर नेण्यास रेल्वेला ट्रकच्या मानाने फार थोडी ऊर्जा लागते. परंतु हा फायदा लांबच्या पल्ल्यावर आणि मोठ्या राशीतच पदरात पडतो. जवळच्या पल्ल्यावर चढउताराचा खर्च तो गिळून टाकतो. ट्रकचा गुण असा की तो बांधापर्यंत जातो, दहा-पंधरा टनांसाठीही निघतो आणि परतभाडे शोधू शकतो. शहाणपण आहे ते दोघांच्या गुणांची सांगड घालण्यात: बांधापासून मालधक्क्यापर्यंत ट्रक, मालधक्क्यापासून दूरच्या शहरापर्यंत रेल्वे, आणि तेथून पुन्हा ट्रक. सारी अडचण या सांध्यावर येते.

केळ्यांनी शिकवलेला धडा

खानदेशच्या केळ्यांनी हा धडा फार स्पष्ट शिकवला आहे. रावेर, सावदा, निंभोरा या स्टेशनांवरून दिल्लीकडे केळी रवाना होण्याची परंपरा जुनी आहे. पल्ला हजार किलोमीटरहून थोडा अधिक, म्हणजे रेल्वेला अगदी अनुकूल. माल मात्र नाजूक. हिरवे केळे तोडल्यानंतरही श्वसन करीत राहते, त्यातून उष्णता निर्माण होते. वाघिणीत हवा खेळली नाही, किंवा गाडी एखाद्या यार्डात अडकून पडली, तर माल वाटेतच पिकू लागतो. येथे पाचवी रक्कम, अनिश्चिततेची, बाकीच्या चारही रकमांवर मात करते. ट्रकचे भाडे अधिक असूनही व्यापारी ट्रककडे वळला, याचे मुख्य कारण हे आहे. त्यातच १९८० च्या दशकापासून रेल्वेने सुट्या वाघिणींऐवजी संपूर्ण रेक भरून चालवण्यावर भर दिला. रेल्वेच्या दृष्टीने ते किफायतशीर होते. लहान मालधन्याच्या तोंडावर मात्र त्यामुळे दार बंद झाले.

२०२० च्या अर्थसंकल्पात किसान रेलची घोषणा झाली आणि ७ ऑगस्ट २०२० रोजी पहिली गाडी देवळालीहून दानापूरला निघाली. मनमाड, जळगाव, भुसावळ येथे ती थांबत असे. वेळापत्रक ठरलेले, थोडा मालही चालेल अशी सवलत, आणि ठराविक फळे-भाज्यांच्या भाड्यात निम्म्याचे अनुदान, ही तिची तीन वैशिष्ट्ये होती. प्रतिसाद तत्काळ मिळाला. ३ फेब्रुवारी २०२२ रोजी मध्य रेल्वेच्या किसान रेलची हजारावी फेरी झाली, ती सावद्याहून दिल्लीच्या आदर्शनगरला केळी घेऊन जाणाऱ्या गाडीची.

या अनुभवाचा अर्थ नीट लावला पाहिजे. अनुदान तात्पुरते होते आणि तात्पुरत्या आधारावर कायमची व्यवस्था उभी राहत नाही. तथापि वेळापत्रक आणि लहान मालाला प्रवेश या दोन गोष्टींना अनुदानाची गरज नाही. त्यांना संघटनेची गरज आहे. २३ टनांचे २० डबे म्हणजे ४६० टन केळी एका दिवसात गोळा व्हावी लागतात. एकरी २५ टन उत्पन्न धरले तरी हे १८-१९ एकरांचे संपूर्ण पीक झाले; आणि बाग एकाच दिवशी कधी कापली जात नाही, म्हणजे प्रत्यक्षात शेकडो बागाईतदारांच्या कापणीचा मेळ बसवावा लागतो. हा मेळ एकेकटा शेतकरी घालू शकत नाही. एकतर मोठा व्यापारी घालील, नाहीतर शेतकऱ्यांची सहकारी संस्था घालील. फळविक्री सहकारी संस्थांचा अनुभव या भागाला आहे. तो पुन्हा उपयोगात आणला नाही तर रेल्वे येऊनही तिचा लाभ व्यापाऱ्याच्या पदरात राहील.

दिल्लीहून परत येणाऱ्या डब्यांचाही विचार केला पाहिजे. ट्रकवाला परतभाडे मिळवून दोन्ही फेऱ्यांचा खर्च वाटून घेतो. रेल्वेचे डबे रिकामे परतले तर जाण्यायेण्याचा सारा खर्च केळ्यांच्या माथी बसतो. सुसूत्रीकरणात परतीच्या मालाची तजवीज म्हणूनच येते.

समित्या झाल्या, सुसूत्रीकरण झाले नाही

रेल्वे आणि सडक यांच्या समन्वयाचा प्रश्न नवा नाही. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातील परवाना पद्धतीमागे रेल्वेला मोटारीच्या स्पर्धेपासून सांभाळण्याचाही हेतू होता. स्वातंत्र्यानंतर १९५९ मध्ये नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली वाहतूक धोरण व समन्वय समिती नेमली गेली. पुढे तरलोकसिंग तिचे अध्यक्ष झाले आणि १९६६ मध्ये अंतिम अहवाल आला. १९७८ मध्ये बी. डी. पांडे यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय वाहतूक धोरण समिती बसली. तिचा अहवाल १९८० चा. प्रत्येक साधनाचे मोल त्याच्या भाड्यावरून न ठरवता समाजाला पडणाऱ्या खऱ्या खर्चावरून ठरवावे, हे सूत्र तेव्हापासून कागदावर आहे.

प्रत्यक्षात काय घडले? १९५०-५१ मध्ये टन-किलोमीटरच्या मापाने देशातील चार-पंचमांशाहून अधिक मालवाहतूक रेल्वेने होत असे. राष्ट्रीय रेल्वे योजनेने हा वाटा २७ टक्क्यांवर आल्याचे नोंदवून २०३० पर्यंत तो ४५ टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले. या घसरणीची कारणे दरांत आणि कारभारात आहेत. प्रवासी भाडे कमी ठेवण्यासाठी रेल्वेने मालभाड्यावर बोजा टाकला. दुसरीकडे, ट्रक ज्या रस्त्यावर धावतो त्याच्या झिजेची पूर्ण भरपाई त्याच्याकडून होत नाही. ॲक्सलवरील भार दुप्पट झाला तर रस्त्याची झीज सुमारे सोळापट होते, असे अभियांत्रिकीचा अनुभव सांगतो. भरमसाट भरलेला ट्रक जे भाडे वाचवतो ते रस्ता वापरणाऱ्या इतरांच्या खिशातून. रेल्वे एका खात्याकडे, रस्ते दुसऱ्याकडे, बंदरे तिसऱ्याकडे. सांधा मात्र कोणत्याच खात्याकडे नाही.

याचा अर्थ ट्रकवाल्याला दोष द्यावा असा नव्हे. आग्रा रस्त्यावर धावणाऱ्या ट्रकांचे मालक पुष्कळदा एका-दोन गाड्यांचे धनी असतात. त्यांच्यावर कर्जाचे हप्ते असतात, आणि भाडे ठरवतो दलाल. हप्ता चुकू नये म्हणून अधिक माल भरला जातो, चालक अधिक तास जागतो. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. परंतु पाचांहून कमी कामगार असलेला धंदा तिच्या कक्षेबाहेर राहिला, आणि बहुसंख्य ट्रक त्याच धंद्यांचे होते. स्वस्त ट्रकभाड्याचा एक भाग चालकाच्या झोपेतून येतो, हे हिशेबात लिहिले जात नाही.

तीच गोष्ट हमालांची. सांध्यावर मालाचा सारा भार त्यांच्या पाठीवर येतो. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा करून या कामगारांना नोंदणी, मंडळामार्फत मजुरी आणि भविष्य निर्वाह निधी यांचा हक्क दिला. आता पेटाऱ्यांची आणि यंत्रांची चढउतार येत आहे. शंभर किलोचे पोते माणसाच्या पाठीवरून उतरत असेल तर त्याचे दुःख मानण्याचे कारण नाही. मात्र यंत्राने होणाऱ्या बचतीत हमालाचा वाटा असला पाहिजे, आणि नव्या मालधक्क्यावर पहिला हक्क जुन्या नोंदणीकृत कामगाराचा असला पाहिजे.

येऊ घातलेला मार्ग

हे सारे आज बोलण्याचे कारण असे की, धुळ्याचा अडलेला मार्ग मोकळा होण्याची चिन्हे आहेत. १६ फेब्रुवारी २०१९ रोजी धुळे-नरडाणा मार्गाची पायाभरणी झाली. २ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मनमाड-इंदूर या ३०९ किलोमीटरच्या मार्गाला मंजुरी दिली. अपेक्षित खर्च १८,०३६ कोटी रुपये, नवी स्टेशने ३०, आणि पूर्ततेचे वर्ष २०२८-२९ असे जाहीर झाले. या मार्गाने वर्षाला २ कोटी ६० लाख टन अधिक मालवाहतूक होईल, असा सरकारचा अंदाज आहे.

चळवळीने येथे एकच प्रश्न विचारायचा आहे: त्यातील किती टन धुळ्यात, नरडाण्यात, शिरपुरात चढेल आणि उतरेल? इंदूर-पिथमपूरचे पेटारे न्हावा-शेव्याच्या बंदराकडे नेणारी केवळ एक वाट एवढेच तिचे स्वरूप राहिले, तर जमीन जाईल खानदेशच्या शेतकऱ्याची आणि माल जाईल दुसऱ्याचा. ब्रिटिश अंमलातील कंपन्यांच्या रेल्वेने नेमके हेच केले होते.

सबब मार्गाइतकीच मालधक्क्याची मागणी महत्त्वाची आहे. डिसेंबर २०२१ च्या गतिशक्ती कार्गो टर्मिनल धोरणानुसार खाजगी उद्योजकांना मालवाहतुकीची ठाणी उभारता येतात. ठाणे कोणी बांधले यापेक्षा त्याचे दार कोणाला उघडे आहे हे पाहावे लागेल. दहा टनांचा मालधनी आणि दहा हजार टनांचा कारखानदार यांना तेथे सारख्याच जाहीर दराने प्रवेश मिळाला पाहिजे. ठरावीक दिवशी सुटणारी, थोडा माल घेणारी गाडी हवी. गोदाम आणि शीतगृह सहकारी संस्थांना भाड्याने मिळाले पाहिजे. बांधापासून बाजारापर्यंत एकच बिल्टी आणि नुकसानीची एकच जबाबदारी हवी. १९९३ मध्ये बहुविध वाहतुकीचा कायदा झाला तो परदेशी जाणाऱ्या मालापुरता, देशांतर्गत शेतमालाला त्याचा उपयोग नाही.

या मागण्या नुसत्या ठरावाने पुऱ्या होणार नाहीत. मालधक्का कोठे असावा हे ठरवणाऱ्या अधिकाऱ्यापुढे आकडे ठेवावे लागतात, आणि आज ते आकडे व्यापाऱ्यांच्या व ट्रान्सपोर्ट कंपन्यांच्या वह्यांत बंद आहेत. धुळे, शिरपूर, शिंदखेडा, साक्री या चारही तालुक्यांतील कार्यकर्त्यांनी एक वर्षभर नोंद ठेवावी: कोणत्या गावातून कोणता माल, कोणत्या महिन्यात, किती टन, कोठे आणि कोणत्या भाड्याने गेला, आणि कोणता आला. बाजार समितीचे आवक-दफ्तर, सोसायट्यांच्या खतविक्रीच्या वह्या आणि हमालांच्या तोंडची माहिती एकत्र केली तर हे काम अशक्य नाही. मार्ग पुरा होण्यापूर्वी ही वही तयार असली पाहिजे. कारण रूळ पडल्यानंतर धक्क्याची जागा बदलत नाही.